किती उशा लागतात?

आठवड्यातून तीनदा सकाळी सातची शिफ्ट, चार तास मशीनवर, गेली सहा वर्षं. डायलिसिस म्हटलं की लोकांना वाटतं मशीन सगळं करतं. मशीन करतंच, मिनिटाला अडीचशे-तीनशे एमएल रक्त ओढतं, धुतं, परत देतं, चार तासांत शंभर-सव्वाशे लिटर पाणी त्यातून जातं. पण किडनी चालत नाही म्हणून अंगात साठलेलं पाणी माझ्यातून नेमकं किती काढायचं हे मशीनला कळत नाही, ते माणसाने सांगावं लागतं. आणि मी तब्येतीने अजून उभी आहे ती बऱ्याच अंशी दोन-तीन सिस्टरांमुळे, हे कधीतरी लिहायचंच होतं.

आधी वाईट अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी जुलाब-उलट्या होऊन रात्री एका हॉस्पिटलात ॲडमिट झाले, आमचं नेहमीचं सेंटर नव्हतं ते. बीपी एकदम खाली गेलेलं, मी अर्धवट ग्लानीत. माझ्या डाव्या हाताला फिस्टुला होता, म्हणजे धमनी आणि शीर ऑपरेशन करून जोडलेली, त्यातूनच डायलिसिसच्या दोन जाड सुया जातात. त्या हाताला बीपीचा पट्टा लावायचा नाही, सलाईन लावायचं नाही, रक्त काढायचं नाही, उशाला घेऊन झोपायचंसुद्धा नाही. मी दोनदा म्हटलं की सिस्टर हा हात नको. "हो हो, पडून राहा तुम्ही" म्हणाल्या आणि पट्टा त्याच हाताला, रात्रभर दर पंधरा मिनिटांनी आपोआप आवळत राहिला.

फिस्टुल्यावर बोटं ठेवली की आतून थरथर लागते, मांजर मांडीवर घेतल्यावर घुरघुरतं ना अगदी तशी, मी रोज उठल्या उठल्या हात लावून बघते. त्या सकाळी काहीच लागलं नाही. बीपी आधीच खाली आणि वर तो पट्टा, रक्त गोठलं होतं आतमध्ये. मग मानेजवळ कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी घातलेली नळी, तीन महिने डोक्यावरून अंघोळ नाही, पुन्हा ऑपरेशन, आता कोपराच्या वर नवीन फिस्टुला आहे. त्या वॉर्डात चाळीसेक पेशंट आणि रात्री दोनच सिस्टर, धावून धावून दमल्या होत्या बिचाऱ्या, हे मला दिसत होतं. तरी राग आहे. मी सांगत होते हो!

(सकाळी किचनमधून ट्रेमध्ये केळं आणि नारळपाणी आलं. आमच्यासारख्यांना पोटॅशियम वाढलं की हृदयावर येतं, ही दोन्ही आमच्या पोटात जाताच कामा नयेत. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेणाऱ्यांनी आधी विचारत जा प्लीज.)

त्या आजारपणानंतरची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आम्हाला एक ड्राय वेट ठरवून दिलेलं असतं, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसताना वजन किती असायला हवं ते. माझं फाईलवर ५४ होतं. दर वेळी मशीन ५४ पर्यंत आणायचं, चार्ट एकदम छान. पण मला रात्री आडवं होता येईना, छाती भरल्यासारखी व्हायची, मी ॲसिडिटी समजून जेलुसिल पीत होते. बीपी चढं राहायला लागलं म्हणून गोळी पण वाढवून झाली. एक दिवस आमच्या सेंटरच्या सिस्टर, पंचवीस-सव्वीसची पोरगी, सुया लावता लावता म्हणाली, "काकू, झोपताना किती उशा लागतात हो?" मी म्हटलं आता तीन, परवा तर बसूनच रात्र काढली. ती थांबलीच. नडगीवर अंगठा दाबला, खड्डा पडला तो तसाच राहिला. मग म्हणाली, काकू तुमचं मांस उतरलंय, गालफडं बघा की, म्हणजे ५४ मधलं दोन-अडीच किलो पाणीच आहे.

इतकं सरळ होतं! आजारपणात खाणं सुटलं, अंग झडलं, त्या जागी पाणी भरलं, वजनकाट्याला दोन्ही सारखंच. तिने डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. एकदम ओढलं असतं तर बीपी पडलं असतं, पायात गोळे आले असते, म्हणून चार-पाच वेळा मिळून हळूहळू ५१.५ वर आणलं, आणि मी पुन्हा एका उशीवर झोपले. वाढवलेली गोळी पण बंद झाली.

तिने कुठलं नवीन मशीन आणलं नव्हतं की टेस्ट सांगितली नव्हती, तिने विचारलं आणि उत्तर येईपर्यंत थांबली. जुन्या आजाराच्या माणसाला स्वतःच्या शरीरातलं बरंच कळत असतं, पण ते सांगायचं असतं हे त्याला माहीत नसतं, मी तरी डॉक्टर दोन मिनिटं आले की "ठीक आहे" एवढंच म्हणायचे. घरात पण तेच, कुणी विचारलं तर बरी आहे. आता नाही म्हणत. झोप, दम, पाय, चपला घट्ट होतात का, सगळं सांगते, समोरच्याला कंटाळा आला तरी.

भाचीने एक कार्ड लॅमिनेट करून दिलंय, पर्समध्ये असतं, ॲडमिट व्हायची वेळ आली तर गळ्यात अडकवायचं. मोठ्या अक्षरात: डावा हात, बीपी नाही, सुई नाही. खाली ड्राय वेट, तारीख घालून, कारण ते बदलतं. मग डायलिसिसचे वार, गोळ्या, सेंटरचा नंबर. शेवटची ओळ मी हट्टाने घालून घेतली, "झोपताना उशी एकच. जास्त मागितल्या तर पाणी वाढलंय."