एक दिवसाआडचं भूत सापडलं

मंडळी, सकाळी मधेच घरचं नेटवर्क तुटायचं, त्याचं कारण सापडलं. नॅस, म्हणजे घरभराच्या फायली ठेवायचा डिस्कचा डबा, निर्दोष सुटला. स्विचही, म्हणजे एका केबलीचे अनेक फाटे करणारा डबा, निर्दोष. गेले दीड महिने ज्याला ज्याला मी शिव्या घातल्या त्या सगळ्यांची माफी मागून झाली, फक्त एकाची उरली आहे, ती शेवटी.

ज्यांनी मागचं वाचलंय त्यांना मांडणी ठाऊक आहे, तरी दोन ओळीत. फायबरचा डबा आणि राउटर खाली माजघरात. तिथून २८ मीटर केबल मागच्या पडवीतून, मागच्या भिंतीच्या कडेने वर माडीवर. माडीवर नवा गिगाबिट (१००० मेगाबिटचा) स्विच, त्यावर नॅस आणि वरचं वायफाय देणारा अॅक्सेस पॉइंट. नॅस वर ठेवण्याचं कारण ओल आणि मुंग्या. पावसाळ्यात आमच्या खालच्या खोल्यांत पुस्तकाची पानं पापडासारखी वाकतात, तिथे ४ टीबीच्या दोन डिस्क ठेवायची माझी छाती नाही. आणि चिऱ्याच्या दीड फुटी भिंतींतून वायफाय जात नाही, म्हणून केबल. गुहागरात ज्यांची जुनी घरं आहेत त्यांना हे सांगायला नको.

गणपतीत नॅस आला. पहिला घोळ आयपीचा, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याचा होता, तो आधी लिहिलाच आहे, पण त्याचा शेवट सांगायचा राहिला. लाईट जाऊन आली की नॅस गायब आणि टीव्ही मात्र मजेत, असं चाललं होतं. मी नॅसला हाताने १९२.१६८.१.५० दिला होता, आणि राउटरची वाटपाची यादी २ पासून २५० पर्यंत पसरलेली. लाईट आली की राउटर मिनिटभरात उठतो, मागचं सगळं विसरून. नॅसला उठायला चार मिनिटं लागतात. मधल्या तीन मिनिटांत टीव्ही हात पसरतो, राउटरला ५० नंबर मोकळा दिसतो, तो देऊन टाकतो. मग एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं. खालच्या लॅपटॉपवर एआरपीची यादी (कोणता आयपी कोणत्या यंत्राचा, ती) दर थोड्या वेळाने पाहिली तेव्हा एकाच आयपीसमोर आलटून पालटून दोन मॅक पत्ते, म्हणजे दोन वेगळ्या यंत्रांचे क्रमांक दिसले. वाटप १०० ते २०० मध्ये कोंडलं, नॅस २० वर नेला, विषय संपला. त्या रात्री मी स्वतःवर इतका खूश होतो की जंबो फ्रेमही (डेटाची मोठी पाकिटं पाठवायची सोय) चालू करून बसलो. ती दुसऱ्या दिवशी बंद केली. त्याबद्दल अधिक बोलणार नाही.

मग दिवाळीनंतर खरं भूत आलं.

सकाळी सात ते नऊच्या दरम्यान कधीतरी, पाच-दहा सेकंद, कधी अर्धा मिनिट, सगळं ठप्प. पण "सगळं" म्हणजे काय यावर घरात एकमत नाही. आई खालून म्हणणार, "नेट चालू आहे की, माझं भजन चाललंय." मुलगी वरून ओरडणार, "बाबा, नेट गेलं!" मी खाली लॅपटॉपवर, तर मला नॅस दिसत नाही पण नेट दिसतंय. दोघीही खरं बोलत होत्या. हे तेव्हाच कळायला हवं होतं: खालच्यांना खालचं दिसतंय, वरच्यांना वरचं दिसतंय, म्हणजे मधला पूल पडतोय. पण मी वायफायच्या चॅनेलमागे लागलो. चार दिवस त्यात गेले.

पाचव्या दिवशी अक्कल आली आणि दोन्हीकडून पिंग, म्हणजे "आहेस का?" अशी हाक, लावून ठेवला, खालून नॅसला आणि नॅसवरून राउटरला, दर सेकंदाला, वेळेसह फाइलमध्ये. दोन्ही फाइलींत तेच सेकंद गळालेले. म्हणजे मधली केबल.

केबलच्या दोन टोकांना लावायचा टेस्टर लावला. एकपासून आठपर्यंत आठही दिवे ओळीने, शिस्तीत, शाळेतल्या कवायतीसारखे. मी केबलला क्लीन चिट दिली. इथेच माझं सगळं चुकलं.

कारण मग संशय स्विचवर. जुना स्विच लावला, तेच. त्या स्विचचा ग्रीन इथरनेट, वीज वाचवणारा प्रकार, नॅसच्या बाजूने बंद केला, तेच. नॅसचं वेळापत्रक उघडलं: डिस्कची तपासणी रविवारी, स्नॅपशॉट (फायलींची त्या क्षणाची नोंद) रोज रात्री दोनला. सकाळी सातला नॅस काहीच करत नाही. एव्हाना बारा दिवसांची पिंगची फाइल जमली होती. ती स्प्रेडशीटमध्ये टाकली आणि चहाचा कप हातात तसाच राहिला. गळती रोज नव्हती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार, मंगळवार, गुरुवार. एक दिवसाआड. काटेकोर.

संगणकाच्या जगात एक दिवसाआड काही होत नाही हो. रोज होतं, दर तासाला होतं, आठवड्याने होतं. एक दिवसाआड फक्त गोळ्या घेतात आणि उपास करतात. मी हे मोठ्याने बोललो असणार, कारण ओटीवरून काका म्हणाले, "आणि शिंपणं."

पोफळींना एक दिवसाआड पाणी. पावसाळ्यात पंप चालतो तो टाकी भरण्यापुरता, दहा मिनिटं. दिवाळी झाली, जमीन सुकली, की वाडीचं शिंपणं सुरू, दोन-दोन तास. नॅस आला गणपतीत, भूत आलं दिवाळीनंतर. मी दीड महिना "नॅस आल्यापासून" म्हणत होतो, तेही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पंपाजवळ, मी वर पिंगसमोर. "लावा!" लावला. तीन पिंग गेले, चौथा लटकला, लिंकचा दिवा विझला. "बंद करा!" परत आला. आम्ही हे सहा वेळा केलं. काकांना चहाची दोन वेळा आठवण करून द्यावी लागली नाही, ते आपणहून थांबले.

आता साधं उत्तर असं की पंप लागला की व्होल्टेज पडतं, स्विच दचकतो. सकाळी आख्ख्या पाटातले, म्हणजे आमच्या आळीतले पंप एका वेळी सुरू असतात, आमचे बल्ब मेणबत्तीसारखे होतात, त्यामुळे हे पटण्यासारखं होतं. मी दोन्हीकडची उपकरणं इन्व्हर्टरवर घेतली आणि इन्व्हर्टरची मेन बंद केली, निव्वळ बॅटरीवर. पंप लावला. लिंक गेलीच. म्हणजे वीज आत येण्याच्या वाटेने त्रास नाही.

मग चुलतभावाकडून ३० मीटरची तयार केबल आणली आणि अंगणातून, खळ्यातून, सरळ जिन्याने वर नेली. आईने "कोणीतरी अडकून पडेल" हे तीनदा सांगितलं. पंप लावला. एकही पिंग गळला नाही. आणि स्विचवरचा दिवा, जो इतके महिने पिवळा होता, तो हिरवा झाला. मी तो पिवळा दिवा सप्टेंबरपासून रोज बघत होतो. पिवळा म्हणजे १०० मेगाबिट. आयपर्फ, नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम, ९४ दाखवायचा तेव्हा मी "डिस्क स्लो असेल" म्हणायचो, जसं काही आयपर्फला डिस्कशी देणंघेणं असतं.

तर जुनी केबल. दोन्ही टोकांचे प्लग भिंगातून पाहिले. रंग असे: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, हिरवा, निळा-पांढरा, निळा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. किती सुरेख दिसतं ना. चूक आहे.

हवं ते असं: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. हिरव्या जोडीने निळ्याला मांडीवर घेऊन बसायचं. कारण प्लगमध्ये सिग्नलची जोडी ३ आणि ६ अशी असते, आणि तिच्या पोटात ४ आणि ५. ओळीने रंग लावले की ३ वर हिरव्या पिळातली एक तार आणि ६ वर निळ्या पिळातली एक. तारांना पीळ देतात तो एवढ्यासाठीच की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा पडावा आणि वजाबाकीत उडून जावा. इथे जोडीतल्या दोघी वेगवेगळ्या पिळांत, मग वजाबाकी कसली? १०० मेगाबिटला १-२ आणि ३-६ एवढ्याच जोड्या लागतात, ४-५ गप्प असते, म्हणून कसंबसं निभतं. गिगाबिटला चारही जोड्या एकदम बोलायला लागतात, ३-६ आणि ४-५ एकमेकींच्या कानात ओरडतात, आणि दोन्ही बाजू मुकाट्याने १०० वर उतरतात. टेस्टर मात्र एवढंच विचारतो, की एकचा एकला पोचला का, दोनचा दोनला पोचला का. पोचला. जोडी कुणाची कुणाशी लावली हे तो विचारतच नाही. स्वस्त टेस्टरचे आठ दिवे ही केबलची परीक्षा नाही, हजेरी आहे.

आणि पंप? वायरमनने केबल ओढली तेव्हा "पाइप आहेच, त्यातूनच घेऊ" म्हणून मीटरपासून विहिरीकडे जाणाऱ्या पंपाच्या वायरच्याच पाइपातून नऊ मीटर नेली. व्होल्टेज पडलं की आमच्या स्टार्टरचा कॉन्टॅक्टर (पंपाची वीज जोडणारा-तोडणारा भाग) दात वाजवतो, कडकडकड, आणि प्रत्येक कडकडीला त्या नऊ मीटरमध्ये ठिणग्यांचा गोंगाट. पूर्वी वर फक्त जुना अॅक्सेस पॉइंट होता, त्याचं पोर्टच १०० चं, आणि पाच सेकंद नेट गेलं तर आम्ही म्हणायचो लाईट कमीजास्त झाली. म्हणून तीन वर्षं कुणाला पत्ता नाही.

राहिलेली माफी वायरमनची. खालचं टोक त्याने केलं होतं, वरचं मी. मी त्याचे रंग पाहून तसेच लावले आणि टेस्टरचे आठ दिवे बघून सौ.ला "बघ, जमलं" म्हणून दाखवलंही होतं.

प्लग कापले, नवे लावले. दिवा हिरवा. आयपर्फ ९४१. नमन-खेळ्यांच्या जुन्या कॅसेटींवरून उतरवलेली ६० जीबीची फोल्डर पूर्वी दीड तास घ्यायची, ती नऊ मिनिटांत गेली. मी मुद्दाम दोनदा कॉपी केली. दुसऱ्यांदा काही कारण नव्हतं.

प्लगबद्दल एक. दुकानात "५० मायक्रॉन गोल्ड" लिहिलेले मिळतात. ते मायक्रॉन नव्हे, मायक्रोइंच, म्हणजे सव्वा मायक्रॉनच्या आसपास. तरी घ्या, कारण आपल्या खाऱ्या हवेत पातळ मुलाम्याचे प्लग दोन पावसाळ्यांत हिरवे पडतात. तारा पुढून आरपार बाहेर येतात ते प्लग मी आता वापरत नाही. लावायला सोपे, पण टोकाला आठही तारा उघड्या राहतात आणि समुद्रापासून तीनशे पावलांवर उघडं तांबं म्हणजे आमंत्रण.

आणि तांबं तरी कुठे होतं! कापलेल्या टोकाला ब्लेडने खरवडलं तर आत पांढरं. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. चिपळूणला घेताना "प्युअर कॉपर आहे हो" हे ऐकलेलं अजून कानात आहे. पेटी उचलताना हलकी लागली होती तेव्हा मला आनंद झाला होता, एसटीतून आणायची म्हणून.

म्हणजे हे काम कच्चं आहे. काल शिंपण्याच्या दोन तासांत लिंक पडली नाही, पण इथटूल या प्रोग्रॅमच्या मोजणीत सीआरसीच्या (वाटेत बिघडलेल्या पाकिटांच्या) १७ चुका दिसल्या. पूर्वी मिनिटाला हजारात होत्या, तरी १७ मला झोपू देणार नाहीत. बेत असा होता: भावाला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून अस्सल तांब्याची शील्डवाली (धातूच्या वेष्टणाची) केबल आणायला सांगायची, पंपाच्या पाइपापासून हातभर लांब नवा पाइप. पण शील्डला चांगलं अर्थिंग हवं, आणि आमचं अर्थिंग जांभ्यातलं. एप्रिलमध्ये त्या खड्ड्यात आठवड्याला कळशी ओतावी लागते. अर्थिंग नसलेली शील्ड म्हणजे पुन्हा लांबलचक अँटेना.

हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं, की तांबं हवंच कशाला? खाली-वर फायबरच, म्हणजे काचेचा धागाच टाकूया. काचेला पंप कळत नाही. आणि गेल्या ऑक्टोबरात आकाशातल्या विजेने राउटरचं एक पोर्ट जाळलं होतं, तेही दुखणं जाईल, माडी आणि माजघर यांच्यातल्या नेटवर्कच्या वाटेत धातूच उरणार नाही. दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्याचा सिग्नल फायबरवर घालणारे डबे) चांगल्या केबलच्या एका पेटीपेक्षा स्वस्त पडतात. एकाच धाग्यावर चालणारे घेतले तर एक ए आणि एक बी बघून घ्यायचे, दोन ए आणले तर दोघे प्रकाशाच्या एकाच रंगात बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. ड्रॉप केबल (घरापर्यंत आणायची बारीक फायबर केबल) मात्र लोखंडी तार नसलेली, एफआरपीच्या (धातू नसलेल्या) काडीची हवी, नाहीतर वीज पुन्हा त्या तारेवरून वर चढणार. आपल्याकडचा फायबरवाला जोडून द्यायला तयार आहे, पण त्याच्या पिशवीत हिरवे कनेक्टर आहेत आणि कन्व्हर्टरला निळे लागतात. टोक तिरकं घासलेलं आणि सरळ घासलेलं, दोन्ही एकमेकांत बसतात पण नीट जुळत नाहीत. निळे मीच मागवून ठेवतोय. तो शिमग्यानंतर येतो म्हणाला, मला वळवाच्या आधी झालं तरी चालेल.

एकच शंका आहे: पडवीच्या वाशांवरून धागा नेला तर उंदीर. कोणी नेलाय का? पाइपात घातलात की नुसताच? पोफळीच्या झावळ्यांखालून नेण्याचा अनुभव असेल तर तोही सांगा.

उद्या शिंपणं आहे. काका म्हणाले, "लावा, बंद करा" करायचं असेल तर आधी चहा.