तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: पाइपांचे जोड पक्के का करत नाही

माझ्या गच्चीवर हायड्रोपोनिक्सची, म्हणजे मातीशिवायची, भाजी आहे: पाइपांना भोकं पाडून त्यांत रोपं बसवलीत, आणि पंपानं टाकीतून वर चढवलेलं खताचं पाणी त्या पाइपांतून वाहून परत टाकीत येतं. गच्चीवर येणारा माणूस आधी पालक पाहतो, मग पुदिना, आणि मग पाइपाखालच्या ट्रेकडे बोट दाखवून विचारतो, "सोल्युशन लावून एकदाचे पक्के का नाही करून टाकत हे जोड?" नळाचं काम करणारे भाऊ विचारतात, भाचे विचारतात, पुण्याहून आलेली नणंदही तेच विचारून गेली. मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि समोरच्याला ते पटत नाही, हे मला दिसतं. म्हणून या वेळी सगळं सांगते.

हो, गळतं. अमुक जोडातून थेंब, तमुक जोडातून नुसता ओलावा. पाण्यात खतं असल्यामुळे ओलावा वाळला की जोडाच्या कडेला पांढरी खपली धरते. ती नखानं खरवडून पाहिली की खालचा जोड किती दिवसांपासून पाझरतोय ते कळतं. थेंब पडायच्या कितीतरी आधी ही खपली दिसते. रोज सकाळी मी पाइपांवरून हात फिरवते तो त्यासाठीच.

एमसील थापा, सिलिकॉन भरा, हेही सल्ले मिळतात. ओल्या पाइपावर साधी पुटी नीट धरत नाही आणि पीव्हीसीला सिलिकॉन मनापासून चिकटत नाही. पाइप तापला, हलला की कडेनं सुटतं. सोल्युशन, म्हणजे पीव्हीसी पाइप जोडायचा तो चिकट द्रव, तर भेग बुजवायचं साधनच नव्हे. ते प्लास्टिकचा वरचा थर विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं, तेही कोरडे आणि स्वच्छ असतील तर. गळणाऱ्या जोडावर बाहेरून सोल्युशन चोपडणं म्हणजे मनाचं समाधान.

आणि एकजीव झालेला पाइप उघडायचा कसा? पुदिन्याची मुळं दोन-तीन महिन्यांत पाइपात गादीसारखी दाट भरतात. पाणी मागे तुंबतं आणि रोपांच्या भोकांतून वर येतं. तेव्हा पाइपाच्या टोकाचं टोपण काढून मुळांचा लोळा ओढावाच लागतो. टोपण सोल्युशननं बसवलेलं असेल तर हाती करवत घ्यायची.

तरीही एके काळी माझे सगळे जोड पक्केच होते. त्या वेळची मी तुमच्यापेक्षा जास्त हट्टानं हेच म्हणत होते. आमचे नळवाले भाऊ म्हणाले, "ताई, पेस्ट मारून देतो ना, मंग पाह्यचंच काम नाही." मला ते शंभर टक्के पटलं. घरातले नळाचे पाइप वर्षानुवर्षं भिंतीत पक्के राहतात, मग गच्चीवरचे का राहणार नाहीत? हा प्रश्न आजही मला चुकीचा वाटत नाही. उत्तर मात्र उन्हात आहे. भिंतीतल्या पाइपाला ऊन लागत नाही. गच्चीवरचा पांढरा पाइप नागपूरच्या उन्हात पहाटेपासून दुपारपर्यंत तीसेक अंशांनी तर सहज तापतो. इथे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तोही सावलीतला. पीव्हीसी तापलं की लांब होतं. सहा मीटरचा पाइप तीस अंशांनी तापला की साधारण सेंटिमीटरभर वाढतो. दोन्ही टोकं जखडलेली असतील तर त्या सेंटिमीटरनं जायचं कुठे? ते सगळ्यांत कमकुवत जागा शोधतं.

ती जागा सापडली एप्रिलच्या शेवटी. ते आजवर मी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

आमच्या इमारतीची गच्ची सामाईक आहे. माझे स्टँड एका बाजूला, दुसरी बाजू वाळवणाची. त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी कुरडया घातल्या होत्या. कुरडया म्हणजे काय काम असतं ते ज्यांच्या घरी होतं त्यांना माहीत आहे. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, गाळायचे, रात्रभर चीक खाली बसू द्यायचा, पहाटे उठून शिजवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून घालायचा. हात भाजतात. ऊन चढायच्या आत वहिनींनी दोन जुन्या साड्या भरून कुरडया घातल्या आणि त्या खाली गेल्या.

दुपारी परतीच्या पाइपाचा आट्याचा, म्हणजे स्क्रूसारखा फिरवून बसवायचा, जोड तडकला. टाकीतला पंप आपलं काम करत राहिला. वर जाणारं पाणी टाकीत परत येण्याऐवजी फरशीवर येत होतं. गच्चीचा उतार नेमका वाळवणावरून मोरीकडे जातो. मी वर गेले तेव्हा टाकी रिकामी होती, पंप कोरडा घरघरत होता आणि साड्यांच्या कडा भिजून आतपर्यंत ओल पोचली होती. माझ्या पाण्याला लोहाच्या खतामुळे पिवळसर रंग असतो. पांढऱ्या कुरडया तो रंग पीत होत्या. अर्धवट वाळलेल्या, त्यामुळे बोट लावलं की पुन्हा चिकाचा लगदा होत होता.

वहिनी वर आल्या. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी एक कुरडई उचलली, वास घेतला आणि विचारलं, "याच्यात खत हाय का?" मी म्हटलं, हो. कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, सगळंच. "धुऊन वाळवल्या तर?" धुणार कशा, त्या विरघळल्या असत्या. मग त्यांनी विचारलं, "गाईले घालू?" मी म्हटलं, नको, तिलाही नको. त्या गाईच्या प्रश्नानं मी आतून हलले. माणसानं नाही खाल्लं तरी अन्न वाया जाऊ नये, एवढीच त्यांची धडपड होती आणि ती वाटही मलाच बंद करावी लागली. त्या कुरडया त्यांच्या लेकीकडे पुण्याला जायच्या होत्या. नवे गहू आणून, सोबत बसून पुन्हा करू, असं मी म्हटलं. "पुढच्या वर्षी पाहू," म्हणाल्या. आता त्या आपल्या बाल्कनीत वाळवण घालतात. तिथे ऊन जेमतेम दोन तास येतं. बोलणं आहे, येणं-जाणं आहे, पण गच्चीची ती बाजू रिकामी असते.

त्यानंतर करवत घेऊन मी सगळं कापलं. नवे पाइप सांडपाण्याचे, रबर रिंगवाले घेतले. त्यांच्या तोंडाशी खाच असते, खाचेत रिंग बसते, आणि दुसरा पाइप साबणाचं पाणी लावून आत सरकवायचा. पूर्ण ठोकायचा नाही, वाढायला सेंटिमीटरभर जागा ठेवायची. आपल्या पाइपांत पाणी उतारावर नुसतं वाहतं, दाब जवळजवळ नसतोच, त्यामुळे रिंग पुरते. पाइप तापला की आत सरकतो, थंडावला की मागे येतो. मुळं काढायची असली की जोड ओढला, निघाला. पाणी देणाऱ्या बारीक नळ्यांना मी ठिबकच्या दुकानातले ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणाऱ्या रबरी कड्या, लावते. संत्र्याच्या पट्ट्यात ठिबक घराघरांत, त्यामुळे ते आपल्याकडे सहज मिळतात. भोक मात्र ग्रोमेटच्या मापाचंच हवं आणि कडेची कूस पॉलिश पेपरनं काढलेली हवी. एक खरबरीत कूस राहिली तरी तिथून पाझरतं.

आट्यांचे जोड अजून आहेत, पंपापाशी. तिथे लोक टेफलॉनची टेप गुंडाळत सुटतात आणि पान्यानं आवळतात. टेपमुळे आटे घसरत पुढे जातात, हाताला जोर कळत नाही, आणि बाहेरचा प्लास्टिकचा तुकडा उभा चिरतो. माझा जोड असाच आवळलेला होता, वरून त्याला उन्हानं ताणलं. पितळी आट्यांचा तुकडा टाका, हा सल्ला घरच्या नळाला चांगला आहे. माझं पाणी किंचित आंबट ठेवावं लागतं, साडेपाच ते साडेसहा पीएच, आणि तेच पाणी सतत फिरतं. पितळातलं तांबं आणि जस्त त्यात उतरू शकतं, मुळांना जास्तीचं तांबं सोसत नाही. म्हणून प्लास्टिकच, हातानं घट्ट आणि वर थोडंसं. तिथून थेंब येतो. येऊ दे. खाली ट्रे आहे, आणि टाकीत फ्लोट स्विच लावलाय. पातळी उतरली की पंप बंद.

पण पंप बंद म्हणजे मुळं कोरडी, आणि एप्रिलच्या दुपारी रोपं तासा-दोन तासांत माना टाकतात. म्हणजे मी गळतीपासून शेजार वाचवला आणि रोपं पणाला लावली. नळवाले भाऊ अजून म्हणतात की पक्के जोड करून मध्ये युनियन, म्हणजे फिरवून उघडता येणारे जोड, टाकल्या असत्या तर दोन्ही साधलं असतं. त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. युनियन उघडते हे खरं, पण ती सरकत नाही, एवढंच माझ्याकडे उत्तर आहे. रिंगांचंही सगळं चांगलं नाही. उन्हात रबर कडक होतं, आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू व्हायच्या आधी मी त्या बदलते.

सध्या माझं डोकं टाकीच्या भोकावर अडलंय. परतीचा पाइप टाकीत जिथे शिरतो तिथला टँक निपल, म्हणजे टाकीच्या भिंतीत बसवायचा जोडतुकडा, पाझरतो. वायसर बदलून पाहिला. टाकीची भिंत गोल आहे, सपाट वायसर तिथे पूर्ण टेकत नाही. चौकोनी टाकी घ्यावी, की पाणी वरच्या तोंडातूनच सोडावं? वरून सोडलं तर भोकच लागत नाही, पण त्यासाठी सगळे स्टँड वीतभर उचलावे लागतील.