थोडं ब्लीचिंग

तक्रार वहीच्या पानावर होती, समास सोडून, वळणदार अक्षरात, मराठीत. आमची नोंदवही कन्नडमध्ये भरावी लागते, म्हणून मी तिचा सारांश कन्नडमध्ये उतरवत होतो. नळाच्या पाण्यात औषध प्रमाणाबाहेर पडत आहे, त्यामुळे माझ्या गच्चीवरच्या सेंद्रिय बागेचे नुकसान झाले आहे, लागोपाठ तीन बॅरल वाया गेले आहेत. खाली सही आणि 'निवृत्त शिक्षिका, वडगाव'.

बॅरल कसले, ते कळलं नाही. पण तक्रार बाजूला सारावी असं वाटलं नाही, कारण दिवस जुलैचे होते. पावसाळ्यात राकसकोपचं, म्हणजे बेळगावला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाचं, पाणी गढूळ होतं, आणि गाळ क्लोरिन खातो. नळापर्यंत जेमतेम उरावा म्हणून इकडे डोस वाढवावा लागतो. वाढवताना हात जड पडला असेल तर ते बाईंना कळलं आणि आम्हाला कळलं नाही, असंही होऊ शकतं. एकोणीस वर्षं मी पाणी तपासतोय. असं कधी होतच नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तपासणीची पेटी घेतली आणि निघालो.

वडगावात शिरलं की आधी यंत्रमाग ऐकू येतात, मग घर सापडतं. बाईंच्या घराखालीही चार माग चालू होते. त्या दिवशी त्या गल्लीची पाण्याची पाळी होती. कोपऱ्यावरून वॉल्व्हमन 'नीरु बंतु!', पाणी आलं, असं ओरडत गेला आणि दारादारांत घागरी आल्या. मला हेच हवं होतं. पुढच्या दारचा नळ दोन मिनिटं वाहू दिला, नळी भरली, क्लोरिन असेल तर रंग देणाऱ्या ऑर्थोटॉलिडीनचे थेंब टाकले. फिकट पिवळा रंग आला. रंगांच्या तक्त्याशी लावून पाहिला, ०.५. म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन उरलेला असावा लागतो. पाणी अगदी हवं तसं होतं.

बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. "म्हणजे माझी तक्रार खोटी?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. वर्गात चुकलेलं उत्तर परत तपासायला सांगावं, तसं विचारलं.

"वर जाऊया बाई," मी म्हटलं.

गच्ची बघून मी थांबलो. तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, मागावरून आलेली प्लॅस्टिकची पोती, सगळ्यांत माती आणि सगळ्यांत काहीतरी हिरवं. वांगी, मिरच्या, दोडक्याचा मांडव, घेवड्याची रोपं, कडेनं अबोली. बाई रोपं तयार करून गल्लीतल्या बायकांना देतात. आणि कोपऱ्यात ते निळं बॅरल, २०० लिटरचं. झाकण उघडल्यावर आंबूस वास यायला हवा होता, ताकाच्या भांड्यासारखा. आला तो शिळ्या गुळवणीचा. वर फेस नव्हता, फक्त काळसर बुरशीची साय होती.

मग उलगडा झाला. बाजारात वेस्ट डिकंपोजरची लहान बाटली मिळते, त्यात शेण-पालापाचोळा कुजवणारे जिवाणू असतात. २०० लिटर पाणी, दोन किलो गूळ, ती बाटली, आणि रोज काठीनं ढवळणं. आठवड्याभरात पाणी वळतं, मग ते पातळ करून कुंड्यांना घालायचं. बाई तीन वर्षं हे करत होत्या, याच नळाच्या पाण्यावर. कधी बिघडलं नव्हतं.

हे ऐकलं आणि मला खटकलं. कारण नळाच्या नेहमीच्या पाण्यानं बॅरल बिघडायला नकोच. हिशेब करून बघा. लिटरला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे २०० लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरिन, चिमटीभरसुद्धा नाही. दोन किलो गुळापुढे तो किती टिकणार? जीवामृतात, म्हणजे शेण-गोमूत्र-गुळाच्या पातळ खतात, तर दहा किलो शेण पडतं. तिथं क्लोरिन पाण्यात मिसळतानाच संपतो. मातीचंही तसंच. कुंडीच्या वरच्या थरातला पालापाचोळा आणि कुजलेलं खत क्लोरिनला खाली उतरूच देत नाही. नळाच्या पाण्यानं मातीतले जिवाणू मरतात म्हणून झाडांना नळाचं पाणीच न देणारी माणसं मला भेटतात. त्यांची काळजी खरी आहे, पण ती चुकीच्या ठिकाणी लागलेली आहे. जपायचं असतं ते साध्या पाण्यात जिवाणू सोडताना. रायझोबियम, स्यूडोमोनास ही उपयोगी जिवाणूंची नावं. बियाण्याला रायझोबियम चोळायला पाण्यात कालवताना, स्यूडोमोनास पाण्यातून देताना, विरजण आधी पाण्यात आणि गूळ मागाहून घालताना. त्या वेळी पाण्यात दुसरं काही खायला नसतं, आणि क्लोरिन थेट जिवाणूंवर पडतो.

"आधी काय घालता बाई, गूळ की बाटली?"

"बाटली. गूळ भिजायला वेळ लागतो, तो संध्याकाळी."

"आणि पाणी कुठलं?"

त्यांनी बोट दाखवलं. पुढच्या दारचा नळ नव्हे. गच्चीवरची काळी टाकी, हजार लिटरची.

टाकीच्या तोटीतून नळी भरली आणि थेंब टाकले. पिवळा आला नाही. नळीत एकदम नारिंगी गडद रंग उतरला, तक्त्याच्या पार पलीकडचा. माझ्या हातात अशी नळी याआधी आली होती ती शुद्धीकरणाच्या जागी, कुणाच्या घरात नाही. डिस्टिल्ड वॉटरची बाटली काढून नमुना दहापट पातळ केला. १.२ आलं. म्हणजे टाकीत लिटरला १२ मिलिग्रॅम, खालच्या नळापेक्षा चोवीसपट.

टाकीत बॅटरी मारली. तळाला चुन्यासारखा पांढरा गाळ होता. तो कशाचा, हे ओळखायला मला रसायनशास्त्र लागलं नाही.

"बाई, टाकीत कुणी पावडर टाकतं का?"

बाई गोंधळल्या. उत्तर जिन्यातून आलं. त्यांच्या धाकट्या जाऊबाई वर आल्या होत्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिला सुतळी बांधलेली. "मी टाकतो की," त्या म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही 'मी टाकतो' म्हणतात. "पाणी आलं की दर पाळीला अर्धी वाटी. तुम्हीच सांगितलासा न्हवं, जूनमध्ये, मारुतीच्या देवळात?"

मला देऊळ आठवलं. पाऊस सुरू झाला होता, एका गल्लीत जुलाब-उलट्यांचे रुग्ण निघाले होते, आणि मी बायकांपुढे उभा राहून सांगितलं होतं: टाक्या घासून घ्या, धुतल्यावर एकदा थोडं ब्लीचिंग टाका. पंचवीस-तीस जणी होत्या. 'एकदा' मी म्हटलं होतं का, आता शपथेवर सांगता येणार नाही. 'थोडं' नक्की म्हटलं होतं. किती लिटरला किती ग्रॅम, ते सांगितलं नव्हतं. चमचा दाखवला नव्हता.

जाऊबाईंचं माहेर खानापूरकडचं. भावाचं पोर गॅस्ट्रोनं गेलं, त्याला बरीच वर्षं झाली. हे त्यांनी पिशवीची सुतळी सोडता सोडता सांगितलं, माझ्याकडे न बघता. त्यांच्या घरात पाण्याला कोणी हलकं घेत नाही. मी 'थोडं' म्हटलं, ते त्यांना कमी वाटलं.

ती वाटी मागवून खालच्या किराणा दुकानाच्या काट्यावर तोलली. अर्धी वाटी पावडर ५० ग्रॅमच्या आसपास भरली. ताज्या ब्लीचिंग पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरिन मिळतो, म्हणजे हजार लिटरच्या टाकीत लिटरला १६ मिलिग्रॅम. पिशवीत हवा शिरत राहिल्यानं पावडर थोडी मेली होती, म्हणून १२. लिटरला एक मिलिग्रॅम हवा असता तर तीन ग्रॅम पुरले असते, चहाच्या सपाट चमच्यापेक्षाही कमी. आणि नळाला आधीच डोस घातलेलं पाणी येत असताना दर पाळीला तेवढंही नको होतं.

पिण्याचं पाणी पुढच्या नळावरून भरत होते, हे नशीब. टाकीचं पाणी अंघोळीला आणि झाडांना जात होतं. बाईंच्या हाताला महिनाभर खाज होती. त्या मातीला दोष देत होत्या. घेवड्याच्या कोवळ्या पानांच्या कडा करपलेल्या होत्या. त्याला पावसाळी रोगही कारण असेल, पण टाकीचं पाणी मी निर्दोष धरणार नाही.

मी बाईंना म्हटलं, "तुमची तक्रार खरी आहे. पाण्यात औषध जास्त पडलं, ते माझ्या सांगण्यामुळे पडलं. नोंदवहीत तसं लिहितो."

जाऊबाई मटकन कट्ट्यावर बसल्या. बाई त्यांच्याजवळ गेल्या आणि पिशवीची सुतळी त्यांच्या हातातून घेऊन परत बांधली. कुणी कुणाला काही बोललं नाही. खाली माग चालूच होते.

मग कामाला लागलो. बादलीभर टाकीचं पाणी काढून घेतलं, बाकीची टाकी पावसाच्या गटारात हळूहळू सोडली, कुंड्यांकडे एक थेंब जाऊ दिला नाही. शेजारच्या पोरानं आत उतरून तळ खरवडला. तोवर मी बाईंना म्हटलं, घरात व्हिटॅमिन सीची गोळी आहे का? होती, ५०० मिलिग्रॅमची, चघळायची. एक भाग क्लोरिन मारायला साधारण अडीच भाग व्हिटॅमिन सी लागतं. बादलीत १५ लिटर, म्हणजे १८० मिलिग्रॅम क्लोरिन, त्याला ४५० मिलिग्रॅम. एक गोळी वरवंट्यानं बारीक करून बादलीत ढवळली आणि नळी भरली. थेंब टाकले. पाणी पांढरं ते पांढरंच राहिलं.

बाईंनी नळी हातात घेऊन उजेडाकडे धरली. "हे आधी कळलं असतं तर तीन बॅरल वाचले असते," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं की रोजच्या पाण्याला गोळीचीही गरज नाही. अर्ध्या मिलिग्रॅमचं पाणी रुंद तोंडाच्या टपात उघडं ठेवलं, मधूनमधून ढवळलं, की दिवसाभरात मोकळा क्लोरिन उडून जातो. ऊन असेल तर त्याहून लवकर. बॅरलला झाकण लावून रात्रभर ठेवलेल्या पाण्यातून मात्र तो जायला वाट नसते, आणि बहुतेक घरांत नेमकं तेच करतात. घाई असेल तर मूठभर मुरलेलं शेणखत किंवा आधी विरघळवलेला गूळ टाकून ढवळायचं, तासाभरानं बाटली सोडायची. २०० लिटरला अर्धी गोळीही पुरते. आणि जुलैत तर हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तरी नऊशे लिटर पाणी पन्हाळीतून वाहून जातं, एका पैशाचं क्लोरिन नसलेलं. बाईंनी पन्हाळीकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी तिथं टप लागला असणार, अशी ती नजर होती. नळीतलं तपासलेलं पाणी मी पेटीतल्या बाटलीत परत घेतलं. ऑर्थोटॉलिडीन विषारी आहे, ते कुंडीत किंवा मोरीत ओतायचं नसतं.

निघताना जाऊबाई म्हणाल्या, "मग आडाचंच पाणी घालतो की झाडांना. त्यात पावडर नाही."

परड्यात जुना आड होता, दगडी कठड्याचा, वर रहाट. पाणी काठोकाठ, स्वच्छ, तळाची पायरी दिसेल इतकं. क्लोरिन शून्य येणार हे बघायची गरज नव्हती. पण आडापासून आठ-दहा पावलांवर शेजारच्यांची शौचाची टाकी होती. मी पेटीतून एच-टू-एसची लहान बाटली काढली, मैल्यातले जिवाणू असले तर तिच्यात पाणी काळं पडतं, खुणेपर्यंत आडाचं पाणी भरलं आणि जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या ऊबेला, वरच्या फळीवर ठेवली. "हिला हात लावू नका. मी परवा येतो. पाणी काळं पडलं तर सांगतो काय ते."

"आणि नाही पडलं तर?"

"तर आडाचं पाणी वापरा. पण मी येईपर्यंत पालेभाजीला तरी नाही. कोथिंबीर आपण कच्ची खातो."

परवा मी गेलो तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता. गच्चीच्या पन्हाळीखाली दोन टप होते, दोन्ही भरलेले. जाऊबाईंनी दार उघडलं आणि काही न बोलता मला आत नेलं. फळीवरची बाटली शाईसारखी काळी झाली होती. त्यांनी ती रात्रीच पाहिली होती. परड्यात बघितलं तर आडावरचा पोहरा नव्हता. दोर गुंडाळून खुंटीला लावला होता, आणि कठड्यावर लाकडी फळ्या ठेवून त्यांवर पाट्याचा दगड ठेवला होता.

"नळाचं पाणी," त्या म्हणाल्या, "टपात. उघडं. दिवसभर." मग माझ्याकडे वळल्या. "आणि पावडर किती, ते आता चमच्यानं दाखवून जा. देवळात सगळ्यांना मी सांगतो."