धानाच्या रिकाम्या बांधीतली गोरखमुंडी

धान कापून झाले की नागपूर जिल्ह्यातल्या मौदा, कुही, रामटेक या तालुक्यांतल्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेते, वरवर ओस दिसतात. जमिनीत मात्र अजून ओल असते आणि त्या ओलीवर शेतकऱ्याने उभ्या धानात फेकलेली लाखोळी (लाखेची डाळ) जशी वाढते, तशीच कोणीही न पेरलेली गोरखमुंडीही वाढते. लाखोळीला निदान पीक म्हणून मान आहे. मुंडीकडे मात्र येणारा-जाणारा तण म्हणूनच पाहतो, आणि हे मला मनापासून खटकते.

सूर्यफुलाच्या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो, ते खरे तर दाटीवाटीने बसलेल्या इवल्या फुलांचे स्तबक असते, हे शाळेत शिकल्याचे अनेकांना आठवत असेल. गोरखमुंडी याच्याही एक पायरी पुढे गेलेली आहे. तिचा एक-दीड सेंटिमीटरचा जांभळट गुलाबी गोंडा हे एक स्तबक नसून अनेक बारीक स्तबकांचा मिळून झालेला गोल आहे. गोंडा धारदार पात्याने उभा चिरून भिंगाखाली धरला, तर मधल्या गाभ्याभोवती ही स्तबके चहूबाजूंनी रोवलेली दिसतात आणि त्यांतल्या प्रत्येकात कडेला केवळ मादी फुले व आत मोजकी द्विलिंगी फुले असतात. इतकी नेटकी रचना पायदळी तुडवली जाणाऱ्या एका वर्षायू, म्हणजे वर्षभरातच आयुष्य संपणाऱ्या, झाडात पाहून माझे मन आजही भरून येते.

खोडही पाहण्यासारखे असते. पानांना देठ नसतो. त्यांच्या कडा खोडावरून खाली उतरत जातात आणि खोडाला दातेरी पंख फुटल्यासारखे दिसते. अंगावर ग्रंथींची लव असते, त्यामुळे झाड हाताळले की बोटे चिकटतात आणि त्यांना उग्र सुगंध येतो, जो साबणानेही चटकन जात नाही. एकदांडीच्या बीला केसांचा झुबका असतो आणि ते वाऱ्यावर दूरवर जाते. मुंडीच्या बीला तसा झुबकाच नसल्यामुळे वाऱ्याचा तिला उपयोग नाही.

कार्ल लिनियसने १७५३ साली तिला 'स्फिरँथस इंडिकस' हे शास्त्रीय नाव दिले. आयुर्वेदात ती मुंडी आणि श्रावणी या नावांनी त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. औषधासाठी ती गोळा केली जाते, याला माझा विरोध नाही, परंतु फुलोऱ्यातच मुळासकट उपटलेले झाड बी धरत नाही आणि वर्षायू वनस्पतीला बीवाचून पुढचे वर्ष नसते. म्हणून जाणत्या माणसाने प्रत्येक ठिकाणी काही झाडे पिकेपर्यंत उभी ठेवावीत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

बांध्यांखेरीज तिची दुसरी हक्काची जागा म्हणजे तलावांचे उघडे पडणारे काठ. पूर्व विदर्भातल्या मामा तलावांचे, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) माजी मालगुजारी तलावांचे पाणी हिवाळ्यात मागे सरकू लागले की त्या ओल्या गाळावर मुंडी पसरते. तिला पावसाळ्यातले साचलेले पाणी आणि नंतरची निवांत ओल, दोन्ही लागतात. तलावाला सरळ दगडी भिंत घालून काठावर फरशी बसवली, किंवा कालव्याच्या पाण्यावर त्याच बांधीत लगेच उन्हाळी धानाची चिखलणी झाली, की तिला वाढून बी धरायला लागणारा मधला काळच उरत नाही. शेतकऱ्याने दुसरे पीक घेऊ नये असे मी म्हणणार नाही, तो त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. पण तलावाचे सुशोभीकरण करताना काठाचा थोडा उतार मातीचाच ठेवणे ही काही अवघड मागणी नव्हे.

ज्यांना ती पाहायची असेल त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत मौद्याच्या बाजूला जावे, शेतमालकाला विचारून धुऱ्यावरून (बांधावरून) बांधीत उतरावे आणि सोबत दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग न्यावे. झाड उपटू नये. एक गोंडा तोडून चिरला तरी पुरेसे आहे.