नाशिकमध्ये बंदराचा शोध: माझा अनुभव

सातवीतल्या माझ्या मुलीला शाळेतून ‘आपल्या शहराचा सागरी व्यापार’ हा प्रकल्प मिळाला, तेव्हा विषय ठरवणाऱ्यांनी नाशिकचा नकाशा पाहिला नसावा, असेच मला वाटले. मुंबईला नातेवाइकांकडे जाऊन तिथले एखादे संग्रहालय दाखवून आणावे, असा माझा बेत होता, परंतु आमच्या वाड्यातले नाणी जमवणारे अण्णा म्हणाले, “ताई, आधी अंजनेरीला जाऊन या, मग नाशिकजवळच्या डोंगरातली पांडवलेणी चढा. मुंबईचे तिकीट वाचेल.”

त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला 1980 साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि तिथेच नाण्यांचे संग्रहालय आहे. ठसे मारून घडवलेल्या प्राचीन, म्हणजे ‘आहत’ नाण्यांपासून सुरुवात करून आम्ही सावकाश पुढे सरकलो. मुलीने वही भरली, पण समुद्र काही कुठे दिसेना.

तो दिसला अण्णांच्या घरी. त्यांनी डबीतून कोटाच्या बटणाएवढे चांदीचे एक नाणे काढून तिच्या तळहातावर ठेवले. नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे 1906 साली नहपान या शक राजाच्या (क्षत्रपाच्या) तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला होता, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. हे नाणेही त्याच प्रकारचे होते. भिंगातून पाहिले की सातवाहनांच्या तीन कमानींच्या डोंगराच्या चिन्हाखालून नहपानाचे नाक आणि कडेची ग्रीक अक्षरे डोकावतात. मराठी मुलुखातल्या नाण्यावर ग्रीक अक्षरे कशासाठी, हा मुलीचा प्रश्न होता. गुजरातमधल्या भडोचच्या बंदरात पश्चिमेकडची जहाजे लागत, रोमन सोन्याचांदीची नाणी उतरत आणि ती इथल्या चलनात बदलून घेण्यात नफा होई, असे त्या काळच्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे, एवढे अण्णांनी तिला सांगितले.

पांडवलेण्यांची पहिली फेरी मात्र वाया गेली. भर दुपारी, बॅटरी न घेता आम्ही वर पोहोचलो आणि कोणत्या लेण्यात काय पाहायचे हेच ठाऊक नसल्याने दमून परत आलो. दुसऱ्या वेळी सकाळी लवकर निघून थेट दहा क्रमांकाचे लेणे गाठले. तिथल्या ओसरीत नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. ब्राह्मी आम्हाला येत नाही. अण्णांनी दिलेला अनुवाद हातात धरून आम्ही ओळींवर बॅटरीचा प्रकाश फिरवत होतो. बेचाळीस हे वर्ष नोंदवलेल्या लेखात उषवदाताने गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवल्याची नोंद आहे: दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. त्या दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, असे लेख सांगतो. मुलीने तिथेच पायरीवर बसून हिशोब केला: महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस, उत्तर बरोबर बारा. सरळव्याजाची इतकी चोख उदाहरणे तिच्या पाठ्यपुस्तकातही नाहीत. हे दान निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून फलकावर नोंदवल्याचाही उल्लेख आहे, म्हणजे आपल्या मुदतठेवीच्या पावतीसारखेच काहीतरी.

समुद्र मात्र त्याच ओसरीतल्या दुसऱ्या लेखात आहे. भडोच, दशपूर (आजचे मंदसोर), गोवर्धन आणि सोपारा येथे उषवदाताने विश्रामगृहे बांधली आणि दमणा, तापी, डाहनुका (डहाणूजवळची) अशा नद्यांवर वाटसरूंना नावेतून विनामूल्य उतरवण्याची सोय केली, असे त्यात म्हटले आहे. गंगापूर रस्त्याने जाताना लागणारे आपले गोवर्धन भडोच आणि सोपारा या दोन बंदरांच्या पंक्तीत बसलेले पाहून मीच क्षणभर थबकले.

घरी आल्यावर मुलीने नकाशावर भडोच, सोपारा आणि गोवर्धन यांना जोडणारी लाल रेघ ओढली, डहाणूजवळ एक होडी काढली आणि तिच्या शिडावर बारीक अक्षरात लिहिले: ‘भाडे नाही.’