केळीच्या वावरातला पालाश: घरची चाचणी, तिसरा आठवडा

मातीतला पालाश (पोटॅशियम) घरच्या घरी मोजायचा माझा प्रयत्न चालू आहे. गेल्या वेळी सगळ्या नळ्या सारख्याच दुधाळ झाल्या होत्या. कारण सापडलं.

चाचणीचं रसायन, सोडियम टेट्राफेनिलबोरेट, पालाशबरोबर पांढरा साका धरतं; पालाश जास्त तितकं पाणी गढूळ. पण अमोनियमबरोबरही ते अगदी तसंच वागतं! मी प्रयोगशाळेची रीत पाळून माती अमोनियम ॲसिटेटमध्ये हलवली होती. माती न घातलेली कोरी नळीसुद्धा पांढरी झाली, तेव्हा लक्षात आलं. प्रयोगशाळेत हा अर्क चालतो, कारण फ्लेम फोटोमीटर ज्योतीतला पालाशचा ७६६ नॅनोमीटरचा प्रकाश मोजतो. अमोनियमशी त्याला देणंघेणं नाही.

म्हणून आता सोडियम ॲसिटेट. ५ ग्रॅम माती (सावलीत वाळवून २ मिमी चाळणीतून काढलेली), २५ मिली द्रावण, पाच मिनिटं हलवायचं, गाळायचं, दहापट पातळ करायचं. नुकताच युरिया पडलेल्या वावरात अमोनियम असतंच, त्यासाठी अर्क अल्कधर्मी करून फॉर्मॅल्डिहाइड घालतो. हे काम अंगणात, हातमोजे घालूनच करा. आपल्या चुनखडीच्या मातीत कॅल्शियम भरपूर, म्हणून ते बांधून ठेवणारं ईडीटीएही लागतं.

तुलनेच्या प्रमाण द्रावणासाठी १.९०७ ग्रॅम कोरडं पोटॅशियम क्लोराइड लिटरभर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवलं की १००० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) पालाश मिळतो. त्यातून २, ४, ६, ८ पीपीएमच्या नळ्या केल्या. माझ्या एलईडीच्या डबीत (नळीतून प्रकाश किती आरपार जातो ते ती मोजते) आलेख ६ पर्यंत सरळ येतो, पुढे वाकतो. रसायन घातल्यावर बरोबर तीन मिनिटांनी वाचन घेतलं नाही तर आकडा हलतो.

चोपड्याला काकांच्या केळीत वरच्या १५ सेंमीतला नमुना घेतला. मूळ अर्कात ३६ पीपीएम आले. गुणिले ५ (५ ग्रॅम मातीला २५ मिली द्रावण), गुणिले २.२४ (मातीतल्या पीपीएमचे हेक्टरी किलो करायला): हेक्टरी ४०३ किलो. त्याच पिशवीतली अर्धी माती प्रयोगशाळेत दिली होती, तिथे ४४८. सोडियम मातीच्या कणांना धरलेला पालाश अमोनियमइतका सोडवत नाही, त्यामुळे माझा आकडा कमी येणं मला पटतं. दोन्ही २८० च्या वर, म्हणजे ‘जास्त’ गटातच. मला फार आनंद झाला!

काकांनी लगेच विचारलं, "मग पोटॅश बंद करू का रे?" मी नको म्हटलं. केळी पालाश प्रचंड उचलते, आणि एका नमुन्यावर अख्ख्या वावराचा निर्णय मी घेणार नाही. आता त्याच वावरातून आणखी आठ नमुने काढतोय.

पुढचा नंबर स्फुरदाचा (फॉस्फरस). त्यासाठी सामू (पीएच) ८.५ चं सोडियम बायकार्बोनेट तयार आहे. स्फुरदाच्या चाचणीत येणारा निळा रंग त्याच डबीत मोजता येतो का, ते पुढच्या नोंदीत.