रात्रीची ए, दिवसाची ए

न्यूयॉर्कला उतरले तेव्हा इमिग्रेशन आणि बॅगा उरकेपर्यंत रात्रीचे दोन वाजत आले होते. फोनवर ताईचा निरोप येऊन पडला होता. "टॅक्सी करू नकोस. विमानतळाच्या एअरट्रेनने हॉवर्ड बीचला ये, तिथून सबवेची 'ए' गाडी पकड आणि शेवटच्या स्टेशनापर्यंत बसून राहा. फलाटाच्या मधोमध पिवळी पाटी दिसेल, तिच्याखालीच थांब."

ताई म्हणजे माझी मावसबहीण. ती नर्स आहे आणि बरीच वर्षं रात्रपाळी करते आहे. गाड्यांच्या बाबतीत तिचा शब्द मी मानते, तरी त्या रात्री धाकधूक होतीच. परका देश, पहिलीच रात्र, आणि इतक्या उशिरा गाडी?

गाडी होती. न्यूयॉर्कची सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे, चोवीस तास चालते. कोरोनाच्या काळात, मे २०२० पासून वर्षभर, स्वच्छतेसाठी ती रात्री काही तास बंद ठेवत होते. मे २०२१ मध्ये पुन्हा रात्रभर सुरू झाली. उत्तररात्री बहुतेक मार्गांवर साधारण वीस मिनिटांनी एक गाडी असते. मी पाटीखाली उभी राहिले तेव्हा आणखी सातआठ जण तिथेच थांबले होते. विमानतळाच्या गणवेशातली दोन मुलं, हातात बूट धरून अनवाणी उभी असलेली एक बाई, खांबाला टेकून पेंगणारा एक म्हातारा. बाकी लांबलचक फलाट रिकामा.

पिवळ्या पाटीचं कारण गाडी आल्यावर कळलं. पुढे मोटरमन असतो, आणि कंडक्टर बसतो गाडीच्या मधल्या डब्यात. गाडीची लांबी जवळजवळ १८० मीटर. रात्री लोकांनी कंडक्टरच्या नजरेसमोर राहावं म्हणून थांबायची जागाही मधोमध. गाडी थांबली, माझ्यापासून चार हातांवरची खिडकी उघडली, कंडक्टर बाईंनी हात बाहेर काढून वर टांगलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फळीकडे बोट दाखवलं, आणि मगच दारं उघडली. पुढच्या स्टेशनावर तेच, त्याच्या पुढच्याही. ती फळी फलाटाच्या बरोबर मध्यावर असते. कंडक्टरची खिडकी तिच्यासमोर आली, म्हणजे गाडीचं शेपूट बोगद्यात राहिलेलं नाही आणि दारं उघडायला हरकत नाही. बोट दाखवायचा हा नियम १९९६ पासून आहे. डोळ्यांनी पाहिलं एवढ्यावर भागत नाही, हातानेही दाखवायचं. मला ते फार आवडलं. गाडी सुटतानाही बाई मान बाहेर काढून फलाटावर दोन्हीकडे बघत होत्या.

ग्रँट ॲव्हेन्यूच्या आधी गाडी जमिनीखाली शिरली, आणि मग एकामागून एक स्टेशनं सुरू झाली. एकही सुटलं नाही. ब्रुकलिन, नदीखालचा बोगदा, मॅनहॅटन. एक्क्याऐंशीव्या रस्त्याच्या स्टेशनावर भिंतीत टाइल्सचे प्राणी दिसले. नॅचरल हिस्टरी म्युझियमचं स्टेशन हेच, अशी मी मनात खूणगाठ बांधली. २०७ व्या रस्त्याला, अगदी शेवटी, ताई फलाटावर उभी होती. इतक्या लांबच्या प्रवासाला तेव्हाच्या दराने २ डॉलर ९० सेंट पडले. एक स्टेशन जा नाहीतर या टोकाहून त्या टोकाला जा, भाडं तेच. १९०४ साली सबवे सुरू झाली तेव्हा पाच सेंट होतं आणि १९४८ पर्यंत ते पाचच राहिलं. तिकीट काढायची भानगड नाही, बँकेचं कार्ड फाटकाला टेकवायचं की आत. तेच कार्ड सात दिवसांत बारा वेळा टेकवलं की त्या आठवड्यातल्या पुढच्या फेऱ्या फुकट. आधी एकरकमी पैसे भरणं ज्याला जमत नाही, त्यालाही पासासारखी सवलत मिळते. प्रवाशांसाठी केलेल्या सोयींमधली ही मला सर्वांत न्यायाची वाटली.

तिसऱ्या दिवशी म्युझियमला निघाले. कोलंबस सर्कलला ए आली, मी बसले. दार लागलं, गाडीने वेग घेतला. बहात्तरावा रस्ता झपकन गेला, मग ते टाइल्सचे प्राणीही खिडकीतून भुर्रकन मागे पडले. मी उठून दारापाशी गेले. शहाऐंशी, शहाण्णव, कशालाच थांबा नाही. गाडी थांबली ती थेट एकशे पंचविसाव्या रस्त्याला. मधली सात स्टेशनं गेली होती. ट्रॉली घेऊन उभ्या असलेल्या एका आजींनी माझा चेहरा पाहिला आणि न विचारताच सांगितलं, "म्युझियम ना? सी किंवा बी. ए नाही."

संध्याकाळी ताईला विचारलं, अगं, परवा तर ए तिथे थांबली होती!

"परवा रात्री. रात्री सी नसते, म्हणून तिची सगळी स्टेशनं ए घेते. दिवसा ए फास्ट."

तिने जेवणाच्या टेबलावर चार चमचे शेजारी शेजारी मांडले. एका दिशेला दोन रूळमार्ग, उलट दिशेला दोन. बाहेरच्यांवर स्लो गाड्या, आतल्यांवर फास्ट. या शहराच्या सबवेचं मर्म त्या चार चमच्यांत आहे, असं मला त्यानंतरच्या दोन आठवड्यांत पटत गेलं. जगातल्या बहुतेक मेट्रोंना दोनच मार्ग असतात, एक जायला आणि एक यायला. इथे मुख्य अभियंता विल्यम बार्कले पार्सन्स यांनी २७ ऑक्टोबर १९०४ ला सुरू झालेल्या पहिल्याच मार्गाच्या मोठ्या भागात चार रूळमार्ग घातले. मला चुकवणारा आठव्या ॲव्हेन्यूचा मार्ग १९३२ चा, तोही चौपदरी. दिवसा त्याने वेग मिळतो. आणि रात्री दोन मार्ग दुरुस्तीला मोकळे करून उरलेल्या दोनांवर गाड्या सोडता येतात. गाडी रात्रभर चालू ठेवणं जमतं ते बरंचसं यामुळे.

अर्थात सगळीकडे चार मार्ग नाहीत, आणि दुरुस्ती तर रोजची. पाऊस नसलेल्या दिवशीही बोगद्यांतून पंपांनी जवळजवळ पाच कोटी लिटर पाणी उपसावं लागतं. म्हणून शनिवार-रविवारी मार्ग बदलतात, फास्ट गाडी स्लो होते, एखादा तुकडा बंद राहून बस धावते. खांबांवर चिकटवलेले कागद वाचल्याशिवाय गाडीत चढायचं नाही, हे मी लवकरच शिकले.

नकाशाचंही एक गुपित आहे. रंग गाडीचा नसतो, मॅनहॅटनमध्ये ती ज्या मुख्य मार्गावरून जाते त्याचा असतो. ए, सी, ई निळ्या, कारण तिघी आठव्या ॲव्हेन्यूच्या. तेव्हा "निळी गाडी पकड" याला काही अर्थ नाही, अक्षर बघायचं. आकड्यांच्या गाड्या अक्षरांच्या गाड्यांहून अरुंद आहेत. दोन खासगी कंपन्या आणि खुद्द शहर अशा तिघांनी बांधलेली ही व्यवस्था १९४० मध्ये एक झाली, पण बोगद्यांची मापं काही बदलता आली नाहीत.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. ४७२ स्टेशनं, आणि निम्म्याहून कितीतरी कमी ठिकाणी लिफ्ट. बाबागाडीसकट आई जिना चढताना दिसली की कोणीतरी अनोळखी माणूस न बोलता पुढची चाकं उचलतो. हे मी तीन वेळा पाहिलं, एकदा स्वतः केलं. पण चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने काय करायचं? २०२२ मध्ये कोर्टातल्या खटल्यांत झालेल्या तडजोडीनुसार ९५ टक्के स्टेशनं २०५५ पर्यंत सर्वांना वापरता येतील अशी करायची आहेत. आज पन्नाशीत असलेला माणूस तोवर ऐंशीचा होईल. इतकी वाट कोणाला बघायला लावू नये.

परतीचं विमान पहाटेचं होतं. रात्री दीडला २०७ व्या रस्त्यावरून निघाले. ताई ड्यूटीवर होती. मी मधला डबा धरला. एकशे तीनच्या पुढे गाडी एकदम मंदावली आणि भोंगा वाजला. शेजारच्या फास्ट मार्गावर, जिथून त्या दिवशी मी धडधडत गेले होते, दिवे टांगलेले होते. केशरी जाकिटातली दहाबारा माणसं रुळाच्या आत वाकून काम करत होती, एकजण दिवा धरून आमच्या गाडीकडे बघत उभा होता. त्याने हात वर केला. गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकली, तिचा उजेड एकेकाच्या पाठीवरून गेला.

एक्क्याऐंशीव्या रस्त्याला गाडी थांबली. शेजारच्या खिडकीतून कंडक्टरचा हात बाहेर आला, बोट फळीकडे गेलं आणि दारं उघडली.